खरं

खानापूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र विभाग म्हणजे
जिन्याखालची खोली आणि साडेतीन माणसं.
अर्धा म्हणजे तौसीफ सनदी,
तासावर पगार, तोही आला तर मार्चनंतर.
सार्वभौमत्व तोच शिकवतो.

विभागप्रमुख हंचिनाळ मॅडम, कन्नड माध्यम.
बेनके सर मराठी माध्यम, दरवर्षी एक बाक कमी.
आणि मी, बार्शीची, लग्नानं इकडं आलेली.
पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले,
"टाइमटेबल झकास केलंय तुम्ही, खरं..."
मी खूश होऊन वही मिटली.
मला वाटलं वाक्य संपलं.
ते तर आत्ता कुठं वळत होतं.
इकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात
हे कळेपर्यंत दोन सोमवार वाया गेले.

भिंतीवर देशाचा नकाशा.
तीस वर्षं सरांचं बोट एकाच जागी टेकून
तिथली रेघ गेलीय,
रुपयाएवढा तेलकट डाग उरलाय.
तोंडी परीक्षेला आलेले परगावचे सर विचारतात,
इथं काय सांडलं हो?
मॅडम मान वर न करता म्हणतात, सिलॅबस.

एक नोव्हेंबरला मॅडम ध्वजवंदनासाठी लवकर येतात,
लाल-पिवळी रिबन, कडक इस्त्रीची साडी.
सरही येतात, गेटाआत स्कूटर लावायला.
तिथून बस, बेळगाव, फेरी.
दंडावर काळी फीत.
एका वर्षी ती फीत सुटत होती.
मॅडमनी थोडा वेळ बघितलं,
मग स्वतःच्या पदराची पिन काढून पुढं केली.
"बीळतद री सर, पडतंय ते."
सर म्हणाले, "थँक्स मॅडम, खरं..."
तेवढ्यात बस आली.
त्या दिवशी भाषण करताना
मॅडमचा एक हात सारखा खांद्यावर होता.

म्हणून फार गोड समजू नका.
त्याच डिसेंबरात दारावर नवा बोर्ड लागला,
प्राध्यापकांची नावं, फक्त कन्नडमध्ये.
पेंटरनं बेनकेचं बेंकी केलं,
आणि बेंकी म्हणजे आग.
पोरं जाता-येता बोर्डावर हात शेकायची.
मॅडम म्हणाल्या, दुरुस्त करून देते.
सर म्हणाले, खाली मराठीतपण लिहा, मग करा.
मॅडम म्हणाल्या, सर्क्युलर आहे.
सर म्हणाले, मग आगच राहू दे.
तीन आठवडे दोघं बोलले नाहीत.
चहाचे पैसे, पेपरांचे गठ्ठे, सुपरव्हिजनच्या याद्या
माझ्या टेबलावरून जायच्या यायच्या.
तौसीफ मला संयुक्त राष्ट्रसंघ म्हणायचा.
मी ठराव करत होते, कुणी पाळत नव्हतं.

जूनमध्ये सर रिटायर झाले.
शाल, नारळ, एक भिंतीवरचं घड्याळ.
भाषणात नेहमीपेक्षा कमी बोलले.
जागा भरली नाही, भरणारही नाही.
ऑफिसातून चिठ्ठी आली, बोर्डावरचं नाव पुसावं.
पेंटर डबा, ब्रश, खरवडायची पत्री घेऊन आला.
मॅडम उत्तरपत्रिका तपासत होत्या.
"नाळे बा," म्हणाल्या. उद्या ये.
उद्या आला. नाळे बा.
परवा आला. मॅडमनी त्याला चहा पाजला
आणि म्हणाल्या, नाळे बा.
आता तो लांबूनच हात करतो आणि
लायब्ररीच्या खिडक्या रंगवायला जातो.

मराठीचा तास आता माझ्याकडं.
पाच मुली, दोन मुलगे, एक जण बसवर अवलंबून.
फळ्यावर लिहिते, राज्याचे चार घटक:
लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व.
मागून गर्लगुंजीची पोरगी उठते.
"मॅडम, बेनके सर पाचवा सांगणार होते,
खरं..."

मी खडू ठेवते.
वही मिटत नाही.